नको तो विचार आला तर

जीव द्यावा असा विचार आत्ता, या घडीला आपल्या मनात जोर करत असेल, तर हा लेख नंतर वाचा. आधी १४४१६ हा नंबर लावा. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. घरात कुणी असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. काय सांगायचं ते सुचलं नाही तरी चालेल. स्वतःला इजा करून घेतली असेल किंवा आता हातून काही होईल अशी भीती असेल, तर १०८ ला फोन करा.

ज्यांना सवड आहे त्यांच्यासाठी बाकीचं सावकाश, पायरी पायरीने बघू.

मये, डिचोली, पेडणे या आपल्या पट्ट्यात या विषयावर तोंड उघडणं अवघड आहे, आणि त्याला कारण आहे. नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, 'तू कोणाचा?' वाडा सांगितला की कूळ कळतं, कूळ सांगितलं की आजोबांच्या भानगडीही कळतात. अशा गावात एकाच्या डोक्याचं दुखणं सगळ्या घराच्या नावावर जमा होतं. धाकट्या बहिणीच्या लग्नापर्यंत त्याचा हिशेब जातो. त्यामुळे 'लोक काय म्हणतील' ही भीती भित्रेपणाची आहे असं मी म्हणणार नाही. ती खरी अडचण आहे. पण बस चुकते, रेशनकार्ड हरवतं, तशा अडचणींना आपण वाट काढतोच की. हिलाही वाट निघते.

'बांबोळी' हा शब्द घ्या. तिथे गोवा मेडिकल कॉलेज आहे. हाडापासून हृदयापर्यंत सगळ्याला आपण तिथेच धावतो. पण कुणाबद्दल हलक्या आवाजात 'त्याला बांबोळीला नेला' असं म्हटलं की अर्थ बदलतो, कारण शेजारीच मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे. मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे त्याचं नाव, लोक 'आयपीएचबी' म्हणतात. बांबोळीला येण्याआधी ते पणजीत आल्तिनोवर होतं, आबे फारिया यांच्या नावाने. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले हे पाद्री पॅरिसला जाऊन संमोहनावर बोलू लागले. माणसाला गुंगी येते ती दुसऱ्याच्या अंगच्या जादूने नव्हे, त्याच्या स्वतःच्याच मनातून, असं त्यांचं म्हणणं होतं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळचा त्यांचा पुतळा आपण पाहिला असेल. मनाचा एवढा विचार केलेला माणूस आपल्याच मातीतला, आणि त्याच्या नावाच्या इस्पितळाला आपण मात्र 'पिशांचं इस्पितळ' म्हणत राहिलो.

ताण यायला कारणंही कमी नाहीत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, सुरू होतात न होतात तोच २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. कर्ज काढून घेतलेल्या ट्रकांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. मयेत तर कित्येक घरांखालची जमीन गोवामुक्तीनंतर सरकारी 'कस्टोडियन'कडे गेली आणि अर्धं शतक उलटलं तरी राहणाऱ्याच्या नावावर नव्हती. त्यासाठीचा कायदा झाला २०१४ साली. तरीही कुणाच्या जाण्याला 'कर्जामुळे', 'परीक्षेमुळे', 'त्या मुलीमुळे' असं एकच लेबल लावू नये. असा विचार बहुतेकदा चार-पाच गोष्टी एकत्र आल्यावर येतो: बिघडलेली झोप, आजार, दारू, एकटेपणा, एखादा अपमान. त्यातल्या दोन जरी हलक्या झाल्या तरी माणूस वर येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच भरवशावर उभ्या आहेत.

पहिली पायरी विचार ओळखण्याची. न बोलावता मनात शिरणाऱ्या, नकोशा वाटणाऱ्या आणि घालवला तरी परत येणाऱ्या विचाराला मानसशास्त्रात घुसखोर विचार म्हणतात. लंडनमध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या दोघांनी १९७८ साली धडधाकट, कुठलाही मनोविकार नसलेल्या लोकांना विचारून पाहिलं, तर दहातल्या जवळपास आठ जणांनी असे विचित्र, भयंकर, लाजिरवाणे विचार अधूनमधून येतात असं कबूल केलं. म्हणजे डोक्यात तसा विचार आला एवढ्यावरून आपण वेडे ठरत नाही, पापी ठरत नाही आणि आपल्याला तेच हवंय असंही ठरत नाही.

आता यातले प्रकार वेगळे करू, कारण वाट इथे फुटते. काहींना मरणाच्या विचाराचीच धडकी भरते. 'मला मरायचं नाही, पण माझ्या हातून काही झालं तर?' असं वाटून माणूस दिवसभर स्वतःवर पहारा ठेवतो, घरच्यांना दहादा विचारतो, 'मी तसं काही करणार नाही ना?' हा मंत्रचळाचा, म्हणजे डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात त्याचा एक प्रकार असू शकतो. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला बाळाबद्दल असले विचार येतात आणि ती शरमेने कुणाला सांगत नाही, तेही बरेचदा यातच मोडतं. या दुखण्यावर ठरलेले उपचार आहेत.

दुसऱ्या प्रकारात विचार नकोसा वाटत नाही, उलट त्यात सुटकेसारखं काहीतरी वाटतं. 'सकाळी जागच आली नाही तर बरं', 'मी नसलो तर घरच्यांचा त्रास तरी संपेल.' इथे मनात थकवा आणि निराशा साचलेली असते. यामागे बहुधा डिप्रेशन, म्हणजे खोलवरचं औदासीन्य असतं. आणि कधी, कुठे, कसं हे मन ठरवू लागलं, निरोपाची भाषा सुरू झाली, वस्तू वाटल्या जाऊ लागल्या, तर तो तिसरा प्रकार: त्याच दिवशी मदत घ्यायची, उद्यावर टाकायची नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्वतःच निदान करणं. 'माझं नुसतं ओसीडी असेल' म्हणून दुसऱ्या प्रकारातला माणूस घरी बसतो. पहिल्या प्रकारातला 'मी आता जगत नाही' म्हणून खचतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. आपण फक्त मनात काय येतं, किती वेळा येतं आणि आल्यावर कसं वाटतं एवढं सांगायचं. नाव डॉक्टर देतील.

दुसरी पायरी: विचाराशी कुस्ती खेळू नका. अमेरिकेत वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अस्वल येत राहिलं, आणि नंतर बंदी उठवल्यावर तर जास्तच आलं. दाबलेला विचार असाच उसळतो. म्हणून देवाचं नाव घेऊन तो हाकलत बसण्यापेक्षा मनात म्हणा, 'हा तोच विचार आला. ही माझ्या मनातली एक ओळ आहे, हुकूम नव्हे.' नाम घ्यायला हरकत नाही, त्याने श्वास शांत होत असेल तर जरूर घ्या. फक्त ते विचारावर पहारा ठेवायला वापरलंत की दमछाक तुमचीच.

तिसरी पायरी घडी टाळण्याची. पहिल्या मोठ्या पावसात व्हाळाला लोंढा येतो, तेव्हा पाणी आता कधी उतरणारच नाही असं वाटतं, उतरतं. टोकाचा आवेगही असाच चढतो आणि उतरतो, बरेचदा काही मिनिटांत, कधी काही तासांत. आपलं काम त्या वेळात काठावर राहणं. त्यामुळे मोठा निर्णय घ्यायचा नाही, फक्त वेळ काढायचा: 'सकाळपर्यंत काही नाही.' सकाळी पुन्हा तेच वाटलं तर पुन्हा संध्याकाळपर्यंत.

वेळ काढताना शरीराला कामाला लावा. थंड पाण्याने तोंड धुवा. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला दुप्पट वेळ द्या, असं दहाबारा वेळा. अंगणात या, दिवा लावा, पायाखालची फरशी कशी लागते, कुठला कुत्रा भुंकतोय, रातराणीचा वास येतोय का, असं पाच इंद्रियांनी एकेक मोजा. हे पोरकट वाटेल. करून बघा, घाबरलेलं शरीर शांत झालं की मनाचा जोर ओसरायला मदत होते.

एक गोष्ट मात्र त्या रात्री नको, ती म्हणजे दारू. आपल्याकडे ती स्वस्त, हाकेच्या अंतरावर, आणि 'दोन घोट घे, झोप लागेल' असं प्रेमाने सांगणारेही पुष्कळ. दारूने उदासी वाढते आणि हात आवरणारा विवेक आधी जातो. आयुष्यभर सोडा असं इथे म्हणत नाही, तो वेगळा विषय. पण डोक्यात हा विचार असलेल्या रात्री पेला भरू नये.

चौथी पायरी घर सुरक्षित करण्याची. ही सगळ्यात कोरडी वाटते, पण जगभरच्या पुराव्यांत सगळ्यात भक्कम हीच आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण दोन दशकांत निम्म्याहून खाली आलं. लोकांची दुःखं काही संपली नव्हती. घातक वस्तू त्या घडीला हाताशी नव्हती, एवढंच. आपल्या घरात, कुळागराच्या खोपीत, कपाटातल्या औषधांत जे धोक्याचं आहे ते काही आठवडे दुसऱ्या घरी हलवा, किंवा कुलपात घालून किल्ली दुसऱ्याकडे द्या. तामिळनाडूच्या काही गावांत तर शेतकऱ्यांची फवारणीची औषधं एका सामायिक ठिकाणी लॉकरमध्ये ठेवून पाहिली, आणि लोकांना ते पटलं.

हे काम स्वतः करायला जड जातं. भावाला सांगा, 'ते सामान काही दिवस तुझ्याकडे ठेव, का ते विचारू नकोस.' घरच्यांनी ओळखलं असेल तर त्यांनी न सांगताही करावं. नेहमीची चूक अशी की सामान हलवतात आणि आठवड्याने माणूस हसताना दिसला की परत आणून ठेवतात. डॉक्टर म्हणेपर्यंत राहू द्या तिकडेच.

पाचवी पायरी एका माणसाला सांगण्याची, आणि इथे जरा थांबू या, कारण गावातला माणूस अडतो तो इथेच.

कोणाला सांगायचं? सगळ्यात जवळचा माणूस नेहमीच योग्य असतो असं नाही. आई ऐकून कोसळेल असं वाटत असेल तर मोठी वहिनी चालेल, मामा चालेल, शाळेतला जुना सर चालेल, म्हापशाला नोकरीला असलेला मित्र चालेल. निकष दोनच: त्याच्या पोटात गोष्ट राहते का, आणि तो ऐकताना मध्ये बोलत नाही ना. गावात असा माणूस कोण, हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं. दुसऱ्यांच्या गोष्टी जो आपल्याला सांगत नाही, तो.

कधी सांगायचं? जेवणाच्या ताटावर नको, गणेश चवथीला घर भरलेलं असताना नको. चवथ म्हणजे आनंदच, पण नोकरी, लग्न, मूल यांची चौकशीही त्याच चार दिवसांत होते, आणि पाहुणे गेल्यावरचं रिकामं घर काहींना खायला उठतं. एकत्र काहीतरी करताना बोलणं सोपं जातं: स्कूटरवर मागे बसून, काजूच्या बिया गोळा करताना, मये तळ्याच्या बाजूने संध्याकाळी फिरताना. समोरासमोर डोळ्यात बघावं लागत नाही, म्हणून तोंड उघडतं.

काय सांगायचं? पहिलं वाक्य तयार ठेवा. 'वयनी, तुझ्याकडे एक बोलायचं आहे. तू लगेच काही उपाय सांगू नकोस, आधी ऐक. मला गेले काही दिवस मरणाचे विचार येतात. मला ते नकोत. माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल.' एवढंच. यात काय होतंय, काय नकोय आणि त्या माणसाने काय करायचं हे तिन्ही आलं. बोलवत नसेल तर लिहून मोबाइलवर पाठवा. पण कुटुंबाच्या ग्रुपवर नव्हे, एकाच माणसाला, आणि पाठवण्याआधी नाव पुन्हा वाचा.

आडवळणाने सांगणं ही इथली चूक. 'मला हल्ली बरं वाटत नाही', 'टेन्शन आहे' असं म्हटलं की समोरचा लिंबू-सरबत देतो, कुणी गॅसची गोळी देतो. टेन्शन सगळ्यांनाच आहे. 'मरणाचे विचार' हे दोन शब्द तोंडातून गेले तरच ऐकणारा जागा होतो. आणि पहिला माणूस चुकीचा निघाला, 'मन घट्ट कर, लोकांना काय काय दुःखं असतात' असं म्हणाला, तर तो प्रयत्न फुकट गेला असं समजू नका. दुसरा शोधा. तोवर १४४१६ आहेच. तो अडला तर १८००-८९१-४४१६ हाही त्याच सेवेचा नंबर. गोव्यातल्या 'कूज' या संस्थेचा ०८३२-२२५२५२५ हा फोन ठरावीक वेळांत चालतो. फोनवरचा माणूस आपल्या वाड्यावरचा नसतो, आणि कधी कधी तीच त्याची सगळ्यात मोठी सोय असते.

देवाचं काय? आपल्याकडे घरात असं काही झालं की आधी देवळात जाऊन कौल घेतात, गाऱ्हाणं घालतात. कुणी केळबाईला, कुणी लईराईला नवस बोलतो. ज्याला त्यातून धीर मिळतो त्याचा धीर मी काढून घेणार नाही. गाऱ्हाणं घाला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही जा. फक्त कुणी 'बाहेरचं आहे, गोळ्या बंद करा' असं सांगत असेल, मारहाण, उपाशी ठेवणं किंवा मोठी रक्कम मागत असेल, तर तिथून उठा.

सहावी पायरी डॉक्टरची. सुरुवात थेट बांबोळीहून करायची गरज नाही. मयेत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, डिचोलीत सामाजिक आरोग्य केंद्र आहे, पेडण्याच्या लोकांना पेडण्यात. तिथे तापाला जातो तसंच जायचं, त्याच रांगेत. खिडकीवर 'काय होतंय?' विचारलं तर 'झोप लागत नाही' एवढं पुरे, तेही खोटं नसतं. आत डॉक्टरसमोर बसल्यावर मात्र पूर्ण सांगायचं. आजूबाजूला ओळखीचं कुणी उभं असेल तर म्हणा, 'डॉक्टर, मला एकट्याने बोलायचं आहे.' तो आपला हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.

गावच्या केंद्रात जायचंच नसेल तर म्हापसा आहे. उत्तर गोवा जिल्हा इस्पितळात मानसोपचाराची ओपीडी असते, वार फोनवर विचारून जा. शुक्रवार पडला तर उत्तमच: शुक्रवारी अर्धा तालुका म्हापशाच्या बाजारात असतो, कुठे चाललास असं कुणी विचारत नाही, आणि परतताना पिशवीत मिरची नि सुकी मासळी असली की विषय मिटतो.

गावच्या केंद्रात या दुखण्याचं काय कळणार, असं काहींना वाटतं. तर ऐका. याच गोव्यात १९९६ पासून 'संगत' ही संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं आणि त्यांनी डिप्रेशनच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलायचं, अशी पद्धत बसवली. २०१७ साली 'लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निकाल आला. ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आलेले होते, न मिळालेल्यांत ३९ टक्के. गोव्याच्या साध्या केंद्रांतून निघालेली ही पद्धत आज बाहेरच्या देशांतले लोक अभ्यासतात. आपणच तिच्या दारावरून मान खाली घालून जातो.

त्या बैठकांत काय होतं? गूढ काही नाही. उदास माणूस कामं सोडतो, काम सोडल्याने दिवस रिकामा होतो, रिकाम्या दिवसात उदासी वाढते. हे चक्र उलट फिरवायचं: आधी मूड सुधारू दे, मग उठेन, असं न म्हणता आधी उठायचं. समुपदेशक विचारतो, पूर्वी काय आवडायचं? भजनाला जायचो, फुटबॉल खेळायचो, परसात भेंडी लावायचे. मग या आठवड्यात त्यातलं अगदी छोटं काय, किती वाजता, कोणाबरोबर, हे कागदावर येतं. भजनाला जायचं नाही, नुसते टाळ पुसून ठेवायचे, इतकं छोटंही चालतं. पुढच्या वेळी झालं की नाही यावर बोलायचं. मंत्रचळ असेल तर पद्धत वेगळी: भीतीच्या विचाराला हळूहळू सामोरं जायचं आणि 'मी तसं करणार नाही ना' ही विचारणा थांबवत न्यायची. ते मात्र प्रशिक्षित माणसाच्या हाताखालीच.

गोळ्या दिल्या तर काय? डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, पण मळमळ, डोकं जड होणं, अस्वस्थपणा हे आधी दिसतं. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात त्रास आहे आणि फायदा नाही, असं चित्र. नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण गोळी सोडतात आणि 'मला औषध लागू पडत नाही' असं ठरवून टाकतात. दुसरी चूक दोन-तीन महिन्यांनी होते: बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद. बंद करायची ती डॉक्टरला विचारून, उतरवत उतरवत. विशीच्या आतबाहेरच्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं. आणि गोळ्या घरात ढीगभर नकोत. एका वेळी थोड्या आणा, वहिनीच्या डब्यात ठेवा.

पोलिसांची भीती अजून कित्येकांच्या मनात असते. आत्महत्येचा प्रयत्न हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने असं धरलं की असा माणूस तीव्र ताणाखाली असतो, म्हणून त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. त्याची काळजी घेणं सरकारचं काम. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं सरसकट कलमच ठेवलेलं नाही; सरकारी नोकराला अडवण्यासाठी वा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा आहे. इस्पितळातून पोलिसांना कळवलं जाऊ शकतं, कागद होऊ शकतो. पण त्या भीतीने माणसाला घरातच ठेवून तास घालवू नयेत. १०८ आधी, बाकीचं मागून.

सातवी पायरी एका कागदाची. जाणकार याला सुरक्षा आराखडा म्हणतात. वादळ आल्यावर डोकं चालत नाही, म्हणून शांत असताना लिहून ठेवायचं. कल्पनेतलाच एक माणूस घेऊ: वय बत्तीस, ट्रक विकलेला, आता एका दुकानात कामाला, रात्री विचार छळतात. त्याच्या कागदावर असं काही असेल.

'खूण: दोन रात्री झोप नाही, आईवर खेकसतो, फोन बंद करून ठेवतो. तेव्हा एकट्याने: आंघोळ, मग गोठ्यात जाऊन गाईला गवत, मोबाइलवर जुनं नाटक. नाही जमलं तर माणसांत: देवळाच्या पायरीवर पोरं बसतात तिथे, किंवा मावशीकडे चहा, काही सांगायचं नाही, नुसतं बसायचं. तरीही नाही तर सांगायचं: वयनी, मग सुदेश, दोघांचे नंबर. नंतर: आरोग्य केंद्राचे डॉक्टर, १४४१६, १०८. घरात: बागेतलं सामान भावाकडे, गोळ्या वयनीकडे.' आणि खाली एक ओळ, 'भाचीला सायकल शिकवायची राहिली आहे.'

कागद पाकिटात ठेवा, एक फोटो मोबाइलमध्ये, एक वहिनीकडे. त्यात छान छान वाक्यं लिहू नका. रात्री दोन वाजता जे खरंच कराल तेवढंच लिहा. 'योगासनं करीन' असं ज्याने आयुष्यात कधी केलं नाही त्याने लिहिलं तर तो कागद भिंतीवरच्या सुविचारासारखाच उपयोगाचा.

आता ज्यांना कुणी सांगितलं, त्यांच्यासाठी. सरळ विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा समज चुकीचा आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना हायसं वाटतं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'गावात बोलणार नाही, पण तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर एकाला सांगीन' असं म्हणा. शपथ घालू नका, आईचं रडणं दाखवू नका. आधीच स्वतःला ओझं समजणाऱ्या माणसावर ते आणखी एक ओझं. त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा, बसचं तिकीट तुम्ही काढा. दोन दिवसांनी स्वतःहून फोन करा, कारण एकदा सांगितल्यावर माणसाला लाज वाटते आणि तो तोंड चुकवतो.

इस्पितळातून घरी आल्यावरचे पहिले आठवडे जपायचे असतात, तेव्हाच घरचे मात्र सुटकेचा श्वास सोडून कामाला लागतात. रात्री कोणीतरी जवळ झोपावं. शेजारीण विचारायला येणारच. घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर ठरवा: 'बरं नव्हतं, आता औषध चालू आहे.' तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या की चौथी गोष्ट गाव तयार करतं. कुणी जास्त खोदलं तर रुग्णालाच विचारा, काय सांगितलेलं चालेल. त्याच्या आजाराची बातमी त्याच्या मालकीची आहे.

डॉक्टरने दिलेली पुढची तारीख केसपेपरवर असते, ती घरच्या कालनिर्णयवरही मांडून ठेवा. चुकली तर दुसऱ्या दिवशी जा. विचार परत आले तरी जा, तेव्हा गेल्या वेळेपेक्षा लवकर जा. केसपेपर हरवला असेल तरी जा, नवा काढून देतात.